सातवा प्रश्न

८ ऑगस्ट १९७८, मंगळवार. पौड.

मार्गदर्शकांचा हुकूम आहे की संशोधकाने दैनंदिनी ठेवावी. "आकडे प्रबंधात जातील, रिसबूड. शंका मात्र कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर त्या आकड्यांत घुसतात," असं ते म्हणाले. मला शंका फारशा येत नाहीत हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

तर विषय असा: माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या तोंडी आणि लेखी परीक्षांची तुलना. इयत्ता नववी. तेच विद्यार्थी, तेच दहा प्रश्न, एकदा तोंडी आणि नंतर लेखी. माझं भाकीत असं की इथली पोरं तोंडीत मार खाणार. यांना घरी कोणी प्रश्न विचारत नाही, कामं सांगतात. त्यामुळे मास्तर समोर बसून विचारू लागला की दातखीळ बसते.

एम.एड. झालं की जूनमध्ये मी कायम होणार असं हेडसर म्हणतात. कायम होणं आता फार निकडीचं आहे. कुमुदला सातवा लागेल तेव्हा ती भोरला माहेरी जाईल, आणि डिसेंबरात आमचं घर तिघांचं होईल. तात्पुरत्या मास्तराला तात्पुरतंच सगळं मिळतं, खोलीसुद्धा. ते मूल मी कायमच्या घरात आणणार आहे, हे इथे लिहून ठेवतो.

१९ ऑगस्ट, शनिवार

आज नववीला उष्णतेचा पाठ. स्पिरिटच्या दिव्यावर तापलेलं चंचुपात्र मी नेहमीप्रमाणे डाव्या हाताने, फडक्याशिवाय उचलून बाजूला ठेवलं. वर्ग चिडीचूप. हा माझा हुकमी प्रयोग आहे. भीती घालवली की विज्ञान सुरू होतं, असं मी सांगतो. प्रयोगशाळेत वावरून हात घडतात.

पहिल्या बाकावरच्या मुनीराने विचारलं, "सर, पोळत न्हाई?"

ही गनीभाई आतारांची मुलगी. बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे. अख्ख्या वर्गात जीभ चालते ती हिचीच. मी म्हटलं, "सवय."

"आमच्या आईला बी सवय हाय तव्याची. पर ती हात झटकती."

वर्ग हसला नाही. एरवी हिच्या बोलण्यावर वर्ग हसतो. संध्याकाळी पाहिलं तर दोन बोटांवर टपोरा फोड. फोड आला म्हणजे पोळलं होतंच, पण सांगतो काय, शिकवण्याच्या भरात मला पत्ताच नव्हता. तन्मयता म्हणतात ती हीच.

२७ ऑगस्ट, रविवार

घरमालकीण चंद्राबाईंशी गंमतच झाली. दिवेलागणीला मी ओट्यावरून म्हटलं, "बाई, परसात साप दिसला." त्या एकदम अंगावरच आल्या.

"नाव घेऊ नगा. लांबडं म्हना. नाव घेतलं की त्ये आपलंच दार हुडकत येतं."

"त्याला कान नसतात, बाई. पुस्तकात आहे."

"पुस्तक कुटं राहतं हितं," त्या म्हणाल्या.

अशा वस्तीत मी विज्ञान शिकवतो. साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत देवीच्या रोगालाही नुसतं 'बाई आली' म्हणत. जे वाईट आहे त्याचं नाव ज्याच्या दारात ते आहे त्याच्यासमोर तर मुळीच घ्यायचं नाही. हा तर प्रबंधाच्या तळटीपेचाच मजकूर झाला.

त्याआधी फिरून येताना खाचराच्या बांधावर डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. मी तसाच चालत आलो. चंद्राबाईंनी दाखवलं तेव्हा कळलं. चिखलाचे दिवस, अंगठाही सैल झालेला. मोच्याकडे टाकायला हवी. बाईंनी कोपराजवळचा डागही पाहिला. लगेच आत गेल्या. गजकर्ण आहे ते. पुण्याहून आणलेलं मलम लावतो आहे, खाजही नाही, आगही नाही, म्हणजे मलमाचा गुण आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

तोंडी परीक्षा झाली. माझं भाकीत साफ चुकलं. पोरं बोलली. वाल्मीक नावाचा मुलगा, जो वहीत चार ओळी धड लिहीत नाही, त्याने लोलक कसा झुलतो ते आंब्याला बांधलेल्या झोक्यावरून सांगितलं आणि मला ऐकत बसावंसं वाटलं. हिवताप, पटकी, क्षय, सगळं फडाफडा.

सातव्या प्रश्नाला मात्र सगळी गाडी थांबली. 'कुष्ठरोगाची प्राथमिक लक्षणे सांगा.' पाठ्यपुस्तकातला साधा प्रश्न. एकालाही उत्तर आलं नाही. म्हणजे अक्षरशः एकालाही. प्रत्येक जण खाली पाहतो. काही जणांनी 'येत न्हाई' म्हटलं, काहींनी तेवढंही नाही. सायरा नावाच्या मुलीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी काय खाणार होतो तिला?

मुनीरासुद्धा "येत न्हाई, सर" म्हणाली आणि माझ्या मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिली.

१४ सप्टेंबर, गुरुवार

लेखी पेपर तपासले. गंमत पाहा. सातवा प्रश्न सगळ्यांचा बरोबर. वाल्मीकचासुद्धा, ज्याने बाकीचा पेपर कोराच दिला आहे.

नुसता बरोबर नाही, पुस्तकापेक्षा जास्त. पुस्तकात आहे एवढंच: 'त्वचेवर फिकट, बधिर चट्टा येतो.' यांनी लिहिलं आहे: चप्पल पायातून निघाली तरी समजत नाही. करंगळी वाकडी राहते, सरळ होत नाही. मुनीराने लिहिलं आहे, 'गरम भांडे धरले तरी पोळत नाही. लोकांना वाटते माणूस धीट आहे. त्यालाही तसेच वाटते.'

पुस्तकाबाहेरची तीच तीच वाक्यं इतक्या पेपरांत आली की त्याला एकच नाव आहे, कॉपी. पण मी स्वतः वर्गात फेऱ्या मारत होतो. हेडसरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी इथे येण्याआधी आरोग्य खात्याचा माणूस चित्रं घेऊन शाळेत आला होता, त्याच्याकडून ऐकलेलं असेल. हे सांगताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, "प्रकृती बरी आहे ना, रिसबूड?" मी म्हटलं, ठणठणीत.

पुस्तकाबाहेरचं लिहिलं म्हणून मुनीराचा अर्धा गुण कापला. मग झोप नीट लागली नाही. अर्ध्या गुणासाठी झोप जावी असा मी नाही, बहुधा डास असावेत.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

शिपाई बहिरूने मला आता वेगळा पेला दिला आहे. स्टीलचा, कडेला खिळ्याने खूण केलेली. बाकी शिक्षकांना त्याच जुन्या फुटक्या कपबश्या. "सायबांसाठी निराळा," तो म्हणाला. संशोधन करणाऱ्याचा एवढा मान इथे राखतात हे पाहून बरं वाटलं. तोंडाने मी नको नको म्हटलं, पण ठेवून घेतला.

कुमुदला परवा भोरच्या गाडीत बसवून आलो. खोली एकदम मोठी वाटते आहे. चंद्राबाई हल्ली जेवणाचं ताट आत आणत नाहीत, उंबऱ्यावर ठेवून जातात. बायको नसलेल्या पुरुषाच्या खोलीत यायचं नाही, असा इथला रिवाज असणार.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सातव्या प्रश्नाने पाठ सोडलेली नाही. मी तर्क केला: सहा प्रश्न झाल्यावर पोरं थकत असतील. म्हणून आज तोच प्रश्न दहावीच्या वर्गाला पहिला विचारला, एकेकाला बोलावून. पुन्हा तेच. मान खाली, पाय जमिनीला घासणं. पुढचे नऊ प्रश्न सुरळीत.

म्हणजे थकवा नाही. प्रश्न अवघड नाही. भाषा सोपी आहे. मग काय आहे? मागच्या आठवड्यात मार्गदर्शकांना लिहिलं होतं, त्यांचं कार्ड आलं: 'परीक्षक बदलून पाहा.' परीक्षकाचा यात काय संबंध?

आणखी एक गोष्ट. मी खुर्ची जिथे ठेवतो तिथून मुलं दूर उभी राहतात, दाराशी. मी "पुढे ये" म्हटलं की एक पाऊल येतात आणि बोलता बोलता मागे सरतात. मी इतका कडक आहे का? मला वाटत होतं पोरांना मी आवडतो. हे लिहिताना वाईट वाटतं आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार. भोर.

दिवाळीला सासुरवाडीला आलो. कुमुदचं पोट केवढं दिसतं. चालताना ती एक हात पाठीवर ठेवते आणि दुसऱ्याने मला खुणा करते, हे आण, ते ठेव.

पाडव्याला तेल लावताना ती कोपराजवळ थांबली. "हा डाग वाढलाय. डॉक्टरांना दाखवलात?"

"गजकर्णाला कसला डॉक्टर?"

तिने अंगठ्याने तिथे दाबलं. "कळतंय?"

"हो."

"आता?"

"हो म्हटलं ना." मी तिच्या हाताकडेच पाहत होतो, त्यामुळे कळतच होतं.

तिचा हात कोपरावरून बोटांपर्यंत गेला. मग म्हणाली, "करंगळी अशी का धरता?" करंगळी मी अशी धरत नाही, ती अशीच राहते. खडू धरून धरून. सासूबाईंनी चकल्यांचा डबा आणून मध्ये ठेवला आणि विषय संपला. मी दोन चकल्या जास्त खाल्ल्या.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज जयसिंगवर भडकलो. जयसिंग ढमाले म्हणजे आमचे भूगोलाचे आणि पी.टी.चे मास्तर. कासार आंबोलीचा गडी, आडदांड, मनाने स्वच्छ. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मी परीक्षक बदलला: नववीतली निम्मी पोरं त्याच्याकडे, निम्मी माझ्याकडे. तेच दहा प्रश्न, त्याच वेळी, शेजारच्या दोन खोल्यांत.

माझ्याकडे सातव्याला शून्य. त्याच्याकडे सगळ्यांनी सांगितलं. पटापटा, न अडखळता.

मी म्हटलं, "जयसिंगराव, उत्तर सांगून टाकलंत तुम्ही. माझं वर्षभराचं काम मातीत घातलंत."

तो लाल झाला. "म्या काय बी सांगितलं न्हाई त्यांला. शप्पत."

"मग माझ्यासमोर का बोलत नाहीत? तुम्हाला काय सोनं लागलंय?"

त्याने खोलीचं दार ओढून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, दोन दीस रजा टाका. पुण्याला जाऊन या. मोठ्या दवाखान्यात."

"कशाला?"

"जाऊन या, एवढंच म्हनतो. हेडसरांशी मी बोलतो."

माझा संताप अनावर झाला. मला घालवून माझी तासिका कोणाला तरी द्यायची असणार, हे मी त्याच्या तोंडावर बोललो. त्याचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले, पण तो खोकला, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

खोलीवर येऊन आकडे मांडले. मी विचारलं तर शून्य. दुसऱ्याने विचारलं तर पूर्ण. लेखीत पूर्ण. बदललेली गोष्ट एकच आहे. ती काय हे कोणताही पोरगा सांगेल. मी दिवा बारीक केला आणि तक्ता उलटा करून ठेवला.

२२ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर मुनीराला थांबवलं. व्हरांड्यात, जिथून बाकीच्या मुली अंगण झाडताना दिसत होत्या. मी खांबाशी बसलो, ती घंटेच्या दोराशी उभी.

"तुला सातवा प्रश्न येतो."

"व्हय."

"मग मला तोंडी का सांगितला नाहीस?"

तिने दोराला पीळ दिला. "लिवताना तुमच्याकडं बघावं लागत न्हाई, सर."

मला आधी राग आला. मग राग कुठे गेला ते कळलं नाही. अंगणातला खराट्यांचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"आता सांग," मी म्हटलं.

"तोंडावर नाव घेत न्हाईत आमच्यात."

"नाव नको घेऊ. लक्षणं सांग. परीक्षा आहे असं समज."

ती सांगत गेली. आधी ती माझ्या कोपराकडे पाहून बोलली. मग करंगळीकडे. मग चपलेकडे, जिचा अंगठा मी दोनदा शिवून घेतला आहे. पाठ म्हणून दाखवावा तसं एकसुरी बोलत होती, आणि रडत नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. शेवटी म्हणाली, "दीस लावले तर हात वाकडा व्हतो. लवकर गोळ्या घेतल्या तर बरं व्हतं, आसं तो चित्रंवाला म्हनला व्हता. ह्ये पुस्तकात न्हाई. ह्याचा गुण कापू नगा."

"नाही कापत," मी म्हटलं.

"समद्यांला ठावं हाय, सर. समद्यांनी ठरवलं व्हतं कुनी सांगायचं न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून." मग ती दप्तर घेऊन गेली. फाटकाशी थांबून तिने मागे पाहिलं. मी हात हलवला. डावा हलवणार होतो, उजवा हलवला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

जयसिंगची माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा वो." मग मी त्याला म्हटलं, "आता तुम्हीच परीक्षक व्हा."

प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. पद्धत पुस्तकात दिलेलीच. कापसाची वात आणि ऑफिसातली टाचणी. मी डोळे मिटायचे आणि स्पर्श झाला की 'लागलं' म्हणायचं. उजव्या हातावर मी दर वेळी बरोबर बोललो. मग डावा हात पुढे केला. पुष्कळ वेळ गेला. मला वाटलं जयसिंगला धीर होत नाही.

मी म्हटलं, "करा ना सुरू."

"झालं, सर," तो म्हणाला.

डोळे उघडले तर कोपरापासून खाली टाचणीने टोचल्याच्या रक्ताच्या बारीक खुणा होत्या, आणि जयसिंग तोंड फिरवून खिडकीशी उभा होता.

विज्ञानाचा पदवीधर, शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी, आणि चौदा वर्षांच्या पोरांनी माझं निदान करून ते माझ्याच उत्तरपत्रिकांत लिहून दिलं, माझ्याच हाताने मी त्याला गुण दिले. मी मूर्ख आहे हे लिहायला इतके दिवस लागले. आता लिहिलं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याला जाऊन आलो. डॉक्टर शांत माणूस होता. कानाच्या पाळीतून, डागातून नमुना घेतला. म्हणाला तोच आहे. पांढऱ्या गोळ्या रोज, वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकवता. बरा होतो. गेलेली संवेदना परत येईल असं नाही. घरच्यांचीही तपासणी करून घ्यायची.

मी विचारलं, "बाळ येणार आहे आमच्याकडे."

"गोळ्या सुरू झाल्या की पसरण्याची भीती झपाट्यानं कमी होते. बाळाला अधूनमधून तपासायला आणा. पण बायकोला सांगितलंय का?"

"नाही."

"सांगा," तो म्हणाला, आणि पुढच्या रोग्याचं नाव पुकारलं. त्या रांगेत बसलेल्या एकानेही वर पाहिलं नाही.

हेडसरांना मी स्वतःच सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. म्हणाले की त्यांना अंदाज होता. पालक कुजबुजत आहेत, संस्थेच्या लोकांच्या कानावर गेलं आहे, तेव्हा तूर्त बिनपगारी रजा घ्यावी. जूनचं जूनमध्ये पाहू. 'कायम' हा शब्द त्यांनी काढला नाही, मीही नाही. आम्हीही इथलेच झालो म्हणायचं.

निघताना बहिरूने तो खूण केलेला पेला धुऊन माझ्या पिशवीत घातला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणाला. तो मान कसला होता हे आता कळलं तरी पेला मी परत दिला नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

तार आली. मुलगी. दोघी सुखरूप. चंद्राबाईंना सांगितलं तर उंबऱ्याबाहेरून त्यांनी साखर दिली, चिमूटभर, कागदावर. "लक्षुमी आली," म्हणाल्या. मग पदर डोळ्याला लावला आणि एका दमात विचारलं, "भोरच्यांला ठावं हाय?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग तुमीच सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नगा."

गोळ्या सुरू आहेत. त्यांनी मळमळतं. रोज मनात पाठ करतो: कुमुद, ऐक. पुढचं वाक्य येत नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार. भोर.

उद्या बारसं. दुपारी पोचलो. घरात दुपट्यांचा आणि धुरीचा वास आहे. कुमुद बाजेवर होती, हडकलेली, हसत होती. मी गाडीत ठरवलं होतं: बाळाला हात लावण्याआधी बोलायचं. उंबऱ्यात उभा राहिलो.

ती म्हणाली, "या ना. असे लांब का उभे?"

"सर्दी झालीय."

"डाग दाखवलात का डॉक्टरांना, काय म्हणाले?"

प्रश्न एका वाक्याचा होता. उत्तर मला येत होतं, पुस्तकातलं आणि पुस्तकाबाहेरचंही. मी खाली पाहिलं. पाय जमिनीला घासतो आहे हे मला दिसलं, उजवा कळला, डावा नुसता दिसला. तोंडातून आलं ते एवढंच, "काही नाही. गजकर्ण."

मी आणखी काही म्हणण्याच्या आत ती उठून आली आणि तिने बाळ माझ्या हातांत दिलं. लाल, मुठी आवळलेली. उजव्या हाताला तिची ऊब लागत होती. डावा हात तिच्या डोक्याखाली होता. तिथे काही नव्हतं. मी पाहिलं म्हणूनच कळलं की ती तिथे आहे. पडेल या भीतीने मला घाम फुटला. मी तिला कुमुदकडे परत दिलं आणि म्हटलं, "मला एक कागद दे."

"आत्ता?"

"आत्ता."

माजघरात बसून लिहिलं. मायना घातला नाही. काय झालं आहे, केव्हापासून आहे, डॉक्टर काय म्हणाले, शाळेचं काय झालं, बाळाला केव्हा तपासायचं. नाव लिहिलं, पूर्ण अक्षरांत. मघाशी खोटं बोललो तेही लिहिलं. घडी करून तिच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "मी बाहेर जातो, मग वाच." तिने माझ्याकडे पाहिलं. तिने आधीच ओळखलं आहे की काय असं मला वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

आता मी परसात, धुण्याच्या दगडावर बसलो आहे. तिला माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून. हे लिहितो आहे कारण हाताला दुसरं काम नाही. मघाशी बाळ रडलं आणि थांबलं. कोणी घेतलं ते दिसत नाही. खोलीचं दार तिने आतून लावून घेतलं आहे.

सासूबाईंना अजून काही माहीत नाही. त्या आत्ताच चहा ठेवून गेल्या. "जावईबापू, निवायच्या आत घ्या," म्हणाल्या. कपबशी घरच्या सगळ्यांची आहे तीच, निळ्या काठाची.

चहावर साय धरली आहे. कप मी अजून उचललेला नाही.